डोमेन बदललं, फाइली नव्या होस्टिंगवर चढवल्या, पण लिंका अजून जुन्याच नावावर जाऊन रायल्या

समुद्रपूरकर

रामराम मंडळी. विषय लांबडा आहे, वाचून घ्या बाप्पा.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, समुद्रपूर तालुका, जिल्हा वर्धा. मुख्य माल हळद पावडर, वायगावची हळद म्हनून जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली जी आहे तीच. कंपनीची साइट जुनी आहे. बनवून देनारा पोरगा आता पुण्याले नोकरीवर अन् डोमेन त्याच्याच नावानं, त्याच्याच मेलवर. काही बदलायचं असन तर त्याले फोन करा, तो मीटिंगमंधी, मंग ओटीपी येते अन् तो सांगेपर्यंत मरून जाते. पोरगा वाईट नाई पन किती दिवस असं चालवनार. म्हनून संचालक मंडळानं ठरवलं की कंपनीच्या नावानं नवं डोमेन घ्यायचं, होस्टिंगबी नवं. घेतलं. फाइली सगळ्या जुन्या होस्टिंगवरून उतरवल्या अन् नव्यावर चढवल्या. आमच्याकडं दिवसा लाइनचा भरोसा नाई, मोबाइलच्या नेटवर रात्री बसून केलं सगळं.

आता साइटचे दोन भाग आहेत. एक, हातानं लिहिलेली एचटीएमएल पानं, लागवड, करपा, हुमणी, भाव, सभासद वगैरे, दोन-अडीचशे असतीन. दुसरं, बातम्या म्हनून फोल्डर आहे त्यात वर्डप्रेस (बातम्या टाकायचं सॉफ्टवेअर), त्यात एलिमेंटर (पानं सजवायचं जोडसॉफ्टवेअर, म्हंजे प्लगिन).

प्रॉब्लेम असे:

नव्या नावानं मुखपृष्ठ उघडते, पन 'भाव' वर क्लिक केलं की वर अॅड्रेस बारमंधी जुनं नाव येते. काही पानावर फोटो बराबर दिसते पन सोर्स पायला तर फोटो जुन्या साइटवरून येऊन रायला. काही पानावर तर सीएसएसच (सजावटीची फाइल) नाई, पान उघडंबोडकं, निळ्या लिंका अन् काळी अक्षरं. आन् वर्डप्रेसमंधी लॉगिन करायले गेलं की सरळ जुन्या डोमेनच्या लॉगिनवर नेऊन सोडते.

जुनं डोमेन मार्चअखेरीले संपते. एक जन म्हन्ते सगळ्या लिंका रिलेटिव्ह, म्हंजे डोमेनचं नाव न लिहिता, करून टाका, आयुष्यभराची कटकट गेली. दुसरा म्हन्ते रिलेटिव्ह बिलकुल करू नका, गुगलले समजत नाई, पूर्ण पत्त्यात नवं नाव टाकून अॅब्सोल्युटच ठेवा. कोनाचं ऐकू? अन् एक सांगाचं राह्यलं, पाकिटावर जो क्यूआर छापला आहे तो जुन्या नावाचा आहे, अन् छापलेली पाकिटं गोडाऊनमंधी पोती भरून पडून आहेत.

---

लाइनगेली

प्लगिन टाक भाऊ, एका क्लिकमध्ये होते

---

पऱ्हाटी_अन्_पीएचपी

प्लगिननं हातानं लिहिलेली अडीचशे पानं कशी दुरुस्त होतीन बे लाइनगेली, आधी वाचत जा.

समुद्रपूरकर भाऊ, तुमच्या साइटवर तीन जातीच्या लिंका एकत्र नांदून रायल्या आहेत आणि प्रत्येक जात वेगळ्या कारणानं बिघडली आहे, म्हणून तुम्हाला वाटते सगळंच बिघडलं. वेगवेगळं करून पाहा.

पहिली, पूर्ण पत्त्याची. एचटीटीपी://जुनंनाव.इन/साइट/भाव.एचटीएमएल अशी. ही फाइल तुम्ही चंद्रावर नेऊन ठेवली तरी जुन्याच नावावर जाणार, कारण त्यात नावच लिहिलेलं आहे. तुमचा 'भाव' चा मेनू हाच. आणि फोटो बराबर दिसून रायले ते पण हेच, तुमच्या नव्या साइटवर फोटो जुन्या साइटचे लागून आहेत. सगळ्यात धोक्याची जात ही आहे, कारण आज काहीच बिघडलेलं दिसत नाही. मार्चअखेरीला जुनं डोमेन बंद पडेल त्या दिवशी एकाच वेळी सगळं जाईल. शिवाय नव्या साइटवर एचटीटीपीएस लावलं असेल तर एचटीटीपीवरून येणाऱ्या सीएसएस आणि स्क्रिप्टला ब्राउझर सरळ अडवते, मिक्स्ड कंटेंट म्हणतात त्याला. फोटोचं थोडं नरम धोरण असते, पण त्याच्या भरोशावर राहू नका.

दुसरी, स्लॅशनं सुरू होणारी. /साइट/स्टाइल.सीएसएस अशी. यात डोमेनचं नाव नाही, म्हणून डोमेन बदललं तर हिला फरक पडत नाही. पण ही डोमेनच्या मुळापासून मोजते. माझा अंदाज आहे जुन्या होस्टिंगवर तुमची साइट 'साइट' नावाच्या फोल्डरमध्ये होती आणि नव्यावर तुम्ही ती सरळ मुळात ओतली. आता /साइट/ म्हणून फोल्डरच नाही, म्हणून ती पानं उघडीबोडकी. बरोबर का?

तिसरी, पानापासून मोजणारी. फोटो/हळद.जेपीजी किंवा ../फोटो/हळद.जेपीजी. ही डोमेन बदला, फोल्डर बदला, पूर्ण झाड एकत्र उचललं असेल तर चालतच राहते. पण एखादं पान एकट्याचं एका फोल्डरातून दुसऱ्यात नेलं की मेली.

यात एक गंमत आहे ती लक्षात ठेवा नाहीतर डोकं फिरते. मुळाच्या वर जायला जागा नसते, म्हणून मुखपृष्ठावर कोणी ../फोटो/ लिहिलं तरी ब्राउझर तो जादाचा ../ गुपचूप खाऊन टाकते आणि फोटो दिसते. तोच कोड 'लागवड' फोल्डरच्या आतल्या फोल्डरात चिकटवला की दिसत नाही. मग माणूस म्हणते तिथं चालते इथं काहून नाही चालत. हा नियम ब्राउझरच्या मनचा नाही, आरएफसी 3986 या इंटरनेटच्या नियमपत्रात 2005 पासून लिहून ठेवला आहे.

आणखी एक, सीएसएस फाइलमधला बॅकग्राउंडचा फोटो हा सीएसएस फाइल जिथं आहे तिथून मोजल्या जाते, पानापासून नाही. जावास्क्रिप्टमधून काही मागवलं तर ते पानापासून. तुमचं भावाचं पान स्क्रिप्टनं आकडे आणत असेल तर तिथं पाहा.

कोणाचं ऐकावं म्हणाल तर हातानं लिहिलेल्या पानांसाठी माझं मत स्लॅशवाल्या लिंका. हेडर, मेनू, फुटर अडीचशे पानांवर सारखाच चिकटवायचा असते आणि ../ मोजत बसलं की कुठं ना कुठं चुकतेच. साइट नव्या होस्टिंगवर मुळातच ठेवणार असाल, पुन्हा फोल्डरात टाकणार नसाल, तर /साइट/ काढून टाका आणि सगळं स्लॅशवर आणा.

---

समुद्रपूरकर

बराबर भाऊ, 'साइट' म्हनूनच फोल्डर होतं, मी म्हनलं कायले ते मंधात, म्हनून काढलं.

अडीचशे पानं उघडून एकेक बदलवू का मंग? अन् मी लॅपटॉपवर फाइलवर डबल क्लिक करून पायलं तर स्लॅशवाल्या लिंकानं एकबी फोटो दिसत नाई, तुमी तर म्हन्ता स्लॅशच चांगला.

---

पऱ्हाटी_अन्_पीएचपी

डबल क्लिकनं उघडलं की मूळ म्हणजे तुमच्या लॅपटॉपचा सी ड्राइव्ह. तिथं /फोटो/ नाही म्हणून दिसत नाही. पायथन टाकलं असेल तर त्याच्यासोबत छोटं सर्व्हर येते, साइटच्या फोल्डरात उभं राहून चालू करा आणि लोकलहोस्ट 8000 वर पाहा. नाहीतर झॅम्प, तेही लॅपटॉपवर चालणारं सर्व्हरच.

एकेक पान उघडायचं कामच नाही. नोटपॅड प्लस प्लस घ्या, त्यात फाइंड इन फाइल्स, फोल्डर दाखवा, खाली प्रकार स्टार डॉट एचटीएमएल. सीएसएस आणि जेएससाठी पुन्हा वेगळं. आधी फोल्डरची एक कॉपी दुसरीकडं ठेवा, आणि रिप्लेस दाबायच्या आधी नुसतं फाइंड ऑल दाबून यादी वाचा. यादीतच समजते कोणी कोणी काय काय लिहून ठेवलं आहे.

जुनं नाव चार-पाच रूपात सापडेल. एचटीटीपीएस सोबत डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, एचटीटीपीएस बिना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, तसंच एचटीटीपीचे दोन, आणि नुसत्या दोन स्लॅशनं सुरू होणारं //जुनंनाव.इन असंही कोणीतरी लिहिलेलं असते. प्रत्येक रूप शेवटच्या /साइट/ सकट शोधा आणि त्या जागी एकच स्लॅश ठेवा. ते झालं की मग उरलेले /साइट/. नुसतं 'जुनंनाव.इन' शोधून सरसकट बदलू नका, नाहीतर संपर्क पानावरचा ईमेलही बदलून जाईल आणि त्या नावाची मेलपेटी तुम्ही अजून उघडलीच नसेल.

फाइल सेव्ह होताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-8 राहिलं पाहिजे. जुनी पानं काही कोणी एएनएसआय या जुन्या पद्धतीत ठेवलेली असतात, काही श्रीलिपी फॉन्टच्या जमान्यातली, त्यांचं मराठी एकदा बिघडलं की मग सरळ होत नाही.

आणि फायलींच्या नावातलं लहान-मोठं अक्षर. जुनं होस्टिंग विंडोजचं असेल आणि नवं लिनक्सचं, तर कॅपिटल जेपीजी आणि स्मॉल जेपीजी हे तिथं दोन वेगळे फोटो आहेत. कॅमेऱ्यातून उतरवलेले फोटो बहुतेक कॅपिटलच असतात.

---

तिवस्याची_ताई

वरचं सगळं बरोबर आहे पण ते हातानं लिहिलेल्या पानांपुरतं. वर्डप्रेसमध्ये हा सल्ला लावू नका. तिथं लिंका रिलेटिव्ह करण्याच्या नादी लागलात तर वर्डप्रेसच्या स्वभावाविरुद्ध भांडत बसाल, कारण ते मुळातच पूर्ण पत्ते साठवते, पोस्टमध्ये फोटो टाकला की डेटाबेसमध्ये पूर्ण पत्ता जाते. त्याला जाऊ द्या, आणि डोमेन बदललं की एकदा नीट बदलून घ्या. अॅब्सोल्युट लिंक म्हणजे काही पाप नाही.

लॉगिन जुन्यावर जाते ते असं. डेटाबेसमध्ये ऑप्शन्स नावाचं टेबल असते, त्यात साइटयूआरएल आणि होम अशा दोन ओळी. दोन्हीत जुनं नाव बसलेलं आहे. पीएचपीमायअॅडमिनमधून त्या दोन ओळी बदला, लॉगिन होईल. किंवा डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये डब्ल्यूपी होम आणि डब्ल्यूपी साइटयूआरएल असे दोन कॉन्स्टंट टाका. तुमचं वर्डप्रेस बातम्या फोल्डरात आहे, तर पत्त्याच्या शेवटी तेही लिहा.

आता पुढचं काम फार जपून. लोक काय करतात, डेटाबेस एसक्यूएल फाइलमध्ये उतरवतात, नोटपॅडमध्ये जुनं नाव शोधून नवं टाकतात आणि परत चढवतात. पोस्टमधला मजकूर सुधरून जाते, पण विजेट गायब, थीमच्या सेटिंग गायब, मेनू अर्धा. कारण वर्डप्रेस बऱ्याच सेटिंग सिरियलाइज करून ठेवते, म्हणजे प्रत्येक मजकुराच्या आधी त्याची लांबी आकड्यात लिहिलेली असते. समजा आकडा 31 आहे आणि नवं नाव चार अक्षरांनी लांब, तर मजकूर झाला 35 चा आणि आकडा तिथं 31 च. पीएचपी तो आकडा वाचते, जुळला नाही की पूर्ण सेटिंगच टाकून देते. तुम्हाला एरर वगैरे काही दिसत नाही, फक्त रिकामं दिसते. आणि ही लांबी बाइटमध्ये असते बरं, देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-8 मध्ये तीन बाइटचं, म्हणून मराठी मजकूर असलेल्या सेटिंगचे आकडे हातानं दुरुस्त करायला बसू नका.

यासाठी डब्ल्यूपी-सीएलआय हे कमांडनं चालणारं साधन आहे, त्यात सर्च-रिप्लेस ही कमांड, ती सिरियलाइज्ड डेटा उलगडून बदलते आणि आकडे नीट लावते. आधी ड्राय-रन लावून चालवा, कोणत्या टेबलमध्ये किती ठिकाणी बदल होईल ते सांगते, करत काही नाही. होस्टिंगवर एसएसएच (कमांड चालवायची सोय) नसेल तर बेटर सर्च रिप्लेस प्लगिन आहे, तेही हेच करते. लाइनगेली भाऊ इथं बरोबर आहेत, या भागाला प्लगिन चालते.

जीयूआयडीचा कॉलम सोडून द्या. त्यातही जुनं डोमेन दिसेल आणि हात शिवशिवतील, पण ती लिंक नाही, ती त्या पोस्टची कायमची खूण आहे, फीड वाचणारे त्यावरून ओळखतात की ही बातमी आधी पाहिली आहे का. फेरफार झाला म्हणून जुन्या खरेदीखतावरचं नाव कोणी खोडत नाही ना.

एलिमेंटर वेगळंच प्रकरण. ते आपला मजकूर जेसनमध्ये ठेवते आणि जेसनमध्ये स्लॅशच्या आधी उलटा स्लॅश लागलेला असते. तुम्ही साध्या स्लॅशनं शोधलं तर सापडणारच नाही. त्याच्या टूल्समध्ये रिप्लेस यूआरएल म्हणून जागा दिली आहे, तिथं जुनं-नवं लिहा आणि नंतर त्याच टूल्समधून सीएसएस पुन्हा बनवायला लावा, कारण बॅकग्राउंडच्या फोटोंचे पत्ते त्या तयार सीएसएस फाइलींमध्ये पक्के झालेले असतात. कॅशे प्लगिन असेल तर तेही साफ.

---

समुद्रपूरकर

ताई लय उपकार. लॉगिन झालं, दोन ओळी बदलल्या अन् झालं.

एक विचारतो, आमच्या इथला एक जन म्हनला की एवढं कायले करत बसता, प्रत्येक पानाच्या हेडमंधी एक बेस टॅग टाकून द्या नव्या डोमेनचा, सगळ्या लिंका आपोआप सरळ होतीन. खरं आहे का?

---

पऱ्हाटी_अन्_पीएचपी

नका टाकू. बेस टॅग फक्त अर्धवट लिंका कुठून मोजायच्या ते सांगते. पूर्ण पत्त्याच्या लिंकांवर बेस टॅगचा काहीच परिणाम होत नाही, म्हणजे तुमचा मुख्य रोग तसाच. उलट ज्या ../ वाल्या लिंका आज चांगल्या चालून रायल्या त्या सगळ्या बेसपासून मोजल्या जातील आणि मोडतील. आणि लागवडीच्या लांब पानावर वरून खाली उड्या मारायच्या ज्या # च्या लिंका असतात त्या पानातल्या पानात न उतरता माणसाला मुखपृष्ठावर नेऊन टाकतील.

---

हिंगणघाट_मार्केट

मी लिंकाबद्दल नाही बोलत, ते वरच्यांनी सांगतलं. मले एक समजलं नाही, नवं डोमेन घेतलंच कायले?

जुनं डोमेन त्या पोराच्या नावानं आहे तर ते कंपनीच्या नावानं करून घेता येते. त्याले म्हणा डोमेनचं लॉक काढ अन् ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायचा गुप्त कोड, दे, कंपनीचं खातं उघडा, तिथं ट्रान्सफर टाका. एकाच रजिस्ट्रारकडं (डोमेन विकणाऱ्याकडं) असन तर त्याहून सोपं, खात्यातून खात्यात सरकवता येते. एक सुट्टीचा दिवस त्याच्यासोबत फोनवर बसा. नवं घेतलं ते घेतलं, पण जुनं सोडू नका, काही झालं तरी. मार्चअखेर वगैरे विसरा, आत्ताच रिन्यू करा.

काहून म्हणून रायलो ते ऐका. साइटच्या आतल्या लिंका तुमच्या हातात आहेत, त्या रिलेटिव्ह करा की अॅब्सोल्युट, रात्रभर बसून सुधरवता येतीन. पण पाकिटावरचा क्यूआर, व्हॉट्सअॅपवर गेल्या किती वर्षात फॉरवर्ड झालेल्या लिंका, कृषी प्रदर्शनाच्या पत्रकातला पत्ता, दुसऱ्याच्या साइटवर तुमची लागलेली लिंक, कोणाच्या मोबाइलमध्ये बुकमार्क, हे सगळे पूर्ण पत्ते आहेत आणि त्यात तुम्हाला हात घालता येत नाही. रिलेटिव्ह क्यूआर नावाची चीज जगात नाही. आमच्या भागात एकाचं जुनं डोमेन सुटलं, कोणीतरी उचललं, अन् लोणच्याच्या बरणीवरचा क्यूआर मारला की जुगाराची साइट उघडत होती. दुकानदार हसत होते अन् याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

म्हणून जुनं डोमेन जिवंत ठेवायचं आणि त्यावर 301 लावायचं, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याले कायमचं नव्यावर पाठवणारं रिडायरेक्ट. वर्षाचा खर्च काही फार नाही.

301 लावताना तीन गोष्टी.

पान ते पान गेलं पाहिजे. जुनं 'करपा' उघडलं तर नवं 'करपा' उघडलं पाहिजे. सगळ्यांले मुखपृष्ठावर नेऊन सोडणं लय जण करतात, त्यात माणूस वैतागते आणि गुगलही ते पान हरवलं असंच धरते. तुमच्याकडं जुन्यात /साइट/ होतं अन् नव्यात नाही, तर नियमात ते कापायले विसरू नका.

एचटीअॅक्सेस फाइलीत साधी रिडायरेक्टची ओळ लिहिणार असाल तर नव्या पत्त्याच्या शेवटी स्लॅश पायजेच. नसला तर नाव अन् पान चिकटून 'नवंनाव.इनभाव' असा काहीतरी पत्ता तयार होते अन् ब्राउझर म्हणते अशी साइटच नाही. आणि दोन्ही डोमेन एकाच होस्टिंगच्या एकाच फोल्डरवर लावले असतीन तर साधी ओळ चालत नाही, साइट स्वतःलेच रिडायरेक्ट करत बसते. तिथं रीराइटचा नियम लागते, आधी अट की होस्ट जुना असन तरच.

पहिले 302, म्हणजे तात्पुरतं रिडायरेक्ट, लावून पाहा, सगळं बरोबर दिसलं की मग 301 करा. 301 ब्राउझर लक्षात ठेवून टाकते, नियम चुकला अन् तुम्ही सुधरवला तरी तुमच्याच लॅपटॉपवर जुनाच चुकलेला दिसत राहते आणि तुम्ही उगाच फाइल उघडून बंद करत राहता.

अन् जुन्या डोमेनचं एसएसएलही (सुरक्षेचं सर्टिफिकेट) चालू पायजे. क्यूआर जर एचटीटीपीएसचा असन तर रिडायरेक्टच्या आधी सर्टिफिकेट तपासल्या जाते, ते संपलेलं असलं की गिऱ्हाइकाले लाल पान दिसते. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट आहे पण 90 दिवसांचं, आपोआप रिन्यू होऊन रायलं का ते पाहून घ्या.

---

तिवस्याची_ताई

जुनं डोमेन हातात राहिलं तर हेही करा: गुगल सर्च कन्सोलमध्ये दोन्ही डोमेन एकाच खात्यात व्हेरिफाय करून चेंज ऑफ अॅड्रेस टाका. आधी 301 लागलेला पाहिजे, नाहीतर ते घेत नाही. आणि 301 किमान वर्षभर तरी ठेवा असं गुगल स्वतःच सांगते. तुमच्या बाबतीत क्यूआर आहे म्हणून मी तर म्हणते काढूच नका.

---

मोहाडीचा_मास्तर

जरा वेगळा मुद्दा. बातम्यांच्या पत्त्यात मराठी आहे का? म्हणजे शीर्षक मराठी ठेवलं की वर्डप्रेस पत्ताही मराठीच बनवते. पाहायला छान वाटते, कॉपी केलं की टक्क्याच्या चिन्हांची माळ. एक देवनागरी अक्षर किंवा मात्रा म्हणजे नऊ चिन्हं. वर्डप्रेसच्या स्लगला, म्हणजे पत्त्याच्या शेवटच्या तुकड्याला, जागा 200 चिन्हांची, म्हणजे बावीसेक अक्षरांत कापलं जाते. म्हणून रिडायरेक्टची यादी शीर्षकावरून हातानं बनवू नका, डेटाबेसमधला खरा स्लग घ्या, नाहीतर अर्धे पत्ते जुळणार नाहीत. हिंगणघाटवाल्यांनी सांगितला तसा एकच सरसकट नियम लावला तर मात्र ही यादीच लागत नाही, जे आलं तसं पुढं जाते.

डॉट भारत हे देवनागरी डोमेन घ्यायचा कोणाचा विचार असेल तर घ्या, 2014 पासून मिळते, पण आतमध्ये ते प्युनीकोड या इंग्रजी अक्षरांच्या रूपातच चालते, एक्सएन आणि दोन डॅशनं सुरू होणारं. सर्च-रिप्लेस करताना दोन्ही रूपं शोधावी लागतात.

---

समुद्रपूरकर

अपडेट देतो. हातानं लिहिलेली पानं नोटपॅड प्लस प्लसनं केली, फाइंड ऑलची यादी पाहून डोळे पांढरे झाले, एका पानावर तर कोनीतरी सी ड्राइव्हचा रस्ता लिहून ठेवला होता फोटोले. एएनएसआयची पानं बाजूले काढून ठेवली, ती हळू हळू करू. कॅपिटल जेपीजीचंही निघालं, पऱ्हाटी भाऊ तुमी ज्योतिषी आहा. वर्डप्रेस ताईनं सांगतलं तसं, आधी ड्राय-रन, मंग खरं, मंग एलिमेंटर.

पोराशी बोललो. तो म्हनला अरे मलेच ते नको होतं, फक्त कोनी मागितलंच नाई. ऑथ कोड देतो म्हनला. तोपर्यंत रिन्यू केलं.

आता मले सगळं बराबर दिसून रायलं, पन पऱ्हाटी भाऊ म्हनले तसं, खरंच सुधरलं का जुन्यावरून येऊन रायलं म्हनून दिसते हे कसं ओळखू? जुनं तर चालूच आहे. अन् व्हॉट्सअॅपवर नव्या साइटची लिंक टाकली तर सोबत फोटो येत नाई, आधी यायचा.

---

पऱ्हाटी_अन्_पीएचपी

जुनं डोमेन फक्त तुमच्या लॅपटॉपपुरतं मारून टाका. नोटपॅड अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, विंडोजच्या सिस्टम32 मध्ये ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, त्यात होस्ट्स नावाची फाइल. शेवटी एक ओळ टाका, 127.0.0.1, जागा, आणि जुनं नाव. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू वाली दुसरी ओळ. ब्राउझर बंद करून उघडा, कॅशे साफ करा. आता तुमच्या लॅपटॉपसाठी जुनी साइट अस्तित्वातच नाही, जगासाठी चालू आहे. नवी साइट फिरा, जिथं फोटो फुटला किंवा लिंक मेली ती जुन्यावर टेकलेली होती. एफ12 दाबून नेटवर्कमध्ये पाहिलं तर लाल ओळी सरळ नावासकट दिसतात. काम झालं की त्या दोन ओळी आठवणीनं काढा, नाहीतर 301 तपासताना डोकं आपटत बसाल.

लिंक तपासणारी फुकटची सॉफ्टवेअरही आहेत, झेनूज लिंक स्लूथ म्हणून एक जुनं आहे, विंडोजवर चालते, पूर्ण साइट फिरून मेलेल्या लिंकांची यादी देते.

व्हॉट्सअॅपचं ताई सांगतील, पण मला वाटते तुम्ही रिप्लेसमध्ये ओजी इमेजही (लिंकसोबत दिसणाऱ्या फोटोचा पत्ता) स्लॅशवर आणली असेल.

---

तिवस्याची_ताई

तेच झालं असणार. हेडमधल्या काही ओळी रिलेटिव्ह करायच्याच नसतात, कारण त्या वाचणारा तुमच्या पानावर बसलेला नसते. ओजी इमेज पूर्ण पत्त्याची पाहिजे, एचटीटीपीएस सकट. कॅनॉनिकल (पानाचा खरा पत्ता कोणता ते गुगलला सांगणारा) पूर्ण पत्त्याचा ठेवा, आणि तो नव्या डोमेनचा आहे ना ते डोळ्यानं पाहा. लोक सगळं बदलतात आणि कॅनॉनिकल जुनाच राहते, मग नवी साइट स्वतःच गुगलला सांगत राहते की खरी साइट ती जुनी. साइटमॅपमध्येही पूर्णच पत्ते लागतात. मेलमधून पत्रक पाठवत असाल तर त्यातलेही.

व्हॉट्सअॅपनं जुना प्रीव्ह्यू धरून ठेवला असेल तर लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा लावून टाकून पाहा, फोटो आला की समजा काम झालं.

---

हिंगणघाट_मार्केट

गूगल मॅपचा नकाशा लावला असन साइटवर तर त्याच्या कीमध्ये कोणत्या डोमेनले परवानगी आहे ते पाहा, तिथं जुनंच नाव असते. ऑनलाइन पैसे घेत असाल तर पेमेंटवाल्याकडंही नवं नाव कळवा, ते सोर्समध्ये शोधून सापडत नाही.

अन् पुढची पाकिटं छापाल तर क्यूआर मुखपृष्ठाचा नका देऊ, /पाकीट असा एक छोटा पत्ता बनवा अन् तो द्या. तिथून कुठं न्यायचं ते तुमच्या हातात राहीन.

---

समुद्रपूरकर

ओजी इमेजच होती ताई. आला फोटो. होस्ट्स फाइलनं अजून सहा-सात पानं पकडली, सगळी सभासद यादीची, ती आज रात्री लाइन राह्यली तर करतो. ऑथ कोड आला की 302 लावून इथंच लिंक टाकतो, जुनी पाकिटं ज्याच्या घरी असतीन त्यानं क्यूआर मारून सांगा कुठं जाते ते.